फ्रान्समधल्या झेंड्यावरची आठ गाडगी

फ्रान्समध्ये पाच-सहाशे वस्तीचं एक गाव आहे. त्या गावाच्या कचेरीवर निळा झेंडा लावलेला असतो. झेंड्यावर पांढरं चाक आहे आणि चाकाच्या कडेनं आठ लहान भांडी आहेत. गावानं आपला इतिहास इंटरनेटवर मांडला आहे आणि त्यात या झेंड्याला एक अख्खं पान दिलं आहे. ते पान मी इतक्या वेळा उघडलं आहे, की फ्रेंच येत नसूनही कुठलं वाक्य कुठं संपतं ते मला ठाऊक झालं आहे. त्या पानावर लिहिलेलं खोटं आहे. मला हे ठामपणे म्हणता येतं, कारण तो झेंडा मस्कतमध्ये, अझैब्यातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर कापला गेला. तो माझ्या पतींनी कापला. त्यांना जाऊन चौदा महिने झाले.

इथं मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. गावाचं नाही, ज्याच्यासाठी झेंडा झाला त्या शेफचं नाही आणि आमच्या ह्यांचंही नाही. ह्यांचं नाव आधी जिथं असायला हवं तिथं लागू दे.

हे एका मोठ्या हॉटेलात शिंपी होते. हॉटेलात शिंप्याला मास्टर म्हणतात, त्यामुळे मॅनेजरपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे ते मास्टर. वेटरांचे कोट आल्टर करायचे, पडदे शिवायचे, फाटलेले टेबलक्लॉथ रफू करायचे. आणि झेंडे. कुठल्या देशाचे पाहुणे येणार असले आणि त्यांचा झेंडा स्टोअरमध्ये नसला, की काम ह्यांच्याकडे यायचं. झेंडे शिवायला ते वसईतच शिकले होते, आमच्या चर्चच्या सणाला. झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. त्यासाठी ते वरून तुकडा शिवत, मग झेंडा उलटा करून टाक्याच्या आतलं मागचं कापड बारीक कात्रीनं कापून काढत, म्हणजे तोच तुकडा मागूनही दिसतो. कात्री केसाएवढी सरकली तरी सगळं वाया जातं. हे काम ते हॉटेलात करत नसत, घरी आणत. तिथं लोक सारखे दार उघडतात, म्हणायचे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हॉटेलात फ्रेंच जेवणाचा पंधरवडा ठरला. हॉटेलचा मोठा शेफ फ्रेंचच होता. एक दिवस तो खाली ह्यांच्या खोलीत आला. काय बोलणं झालं ते ह्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं आणि पुढं कितीतरी वेळा सांगितलं.

"मास्टर, माझ्या गावाचा झेंडा पाहिजे. यल्ला, लवकर, दहा दिवसांत."

"सॅम्पल द्या."

"सॅम्पल नाही. गावाला झेंडाच नाही."

"मग मी शिवू काय?"

शेफनं खिशातून फोटो काढला. गावाच्या कचेरीच्या दारावर एक जुना दगड बसवलेला होता, त्याचा. दगडावर काहीतरी गोल कोरलेलं होतं, पाऊसवाऱ्यानं झिजलेलं. लाँड्रीतल्या मल्याळी सुपरवायझरनं ह्यांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "मास्टर, ये तो मेदूवडा है. शेफ के गाव में वडा मिलता है?"

शेफला हिंदी कळत नव्हतं. त्यानं हात गोल फिरवून सांगितलं, पाणी. नदी. चाक. फार जुनं.

ह्यांनी फोटो घरी आणला. मी मदिनत सुलतान काबूसमधल्या एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. तिथून भिंग आणायला मला सांगितलं. भिंगातून बराच वेळ पाहून म्हणाले, "हे बघ. कडेला गाडगी आहेत."

मी पाहिलं. चाकाच्या कडेला उंचवटे होते खरे. "दातेसुद्धा असतील," मी म्हटलं.

"पाण्याचं चाक आहे म्हणाला तो. पाण्याच्या चाकाला गाडगी नाहीतर काय असणार? मोज. आठ आहेत."

आम्हा दोघांनाही पाण्याचं एकच चाक माहीत होतं. वसईत आमच्या लहानपणी केळीच्या वाड्यांना रहाटानं पाणी देत. रेडा गोल फिरायचा, चाक फिरायचं, माळेतली गाडगी विहिरीत बुडून भरून वर यायची आणि पन्हळीत रिकामी व्हायची. ह्यांच्या वडिलांचा रहाट होता. पुढं विजेचे पंप आले आणि रहाट गेले. फ्रान्समधलं चाक वेगळं असू शकेल, हे आमच्या मनातही आलं नाही. तिथं नदी चाक फिरवते आणि चाकावर पीठ दळतात. त्याला फळ्या असतात, गाडगी नसतात. हे मला नंतर आमच्याच ग्रंथालयातल्या ज्ञानकोशात दिसलं. माझ्या टेबलापासून सहा पावलांवरच्या कपाटात तो होता. भिंग आणायला मी तिथवर गेले होते, ज्ञानकोश उघडून पाहिला नाही. तेव्हा चूक झाली ती आम्हा दोघांची. ती मी लपवत नाही.

निळ्या कापडासाठी ह्यांनी हट्ट धरला. बाजारातलं निळं चकाकतं, दगडातल्या चाकाला शोभणार नाही, म्हणाले. तेव्हा एका शुक्रवारी शेफच्या गाडीतून आम्ही निझव्याला गेलो. मुलगी चार-पाच वर्षांची होती, माझ्या मांडीवर झोपली होती. तिथल्या बाजारात एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे निळीत रंगवलेलं जुनं कापड मिळालं. हाताळलं की बोटं निळी होत. तीनदा धुवून काढायचं ठरवून ह्यांनी ते विकत घेतलं.

परतताना आम्ही खजुरांच्या बागेशी थांबलो. बागेतून पाण्याचा पाट वाहत होता. पाट पाहून ह्यांनी काडी उचलली आणि वाळूत रहाट काढून दाखवला. शेफ उकिडवा बसून पाहत होता.

"ही गाडगी भरलेली. तोंड वर, वर चढतात. ही रिकामी. तोंड खाली, खाली उतरतात," ह्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. "माझ्या वडिलांचं असंच होतं."

"तुमच्या वडिलांचं?"

"हो. इंडियात. वसईत."

"छान," शेफ म्हणाला. "असंच करा."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. चित्र वाळूतलं होतं, पण माणसाची समज वाळूत काढलेली नसते. त्या दिवशी त्या माणसाला सगळं कळलं होतं.

झेंडा वेळेत झाला. डावीकडची चार गाडगी तोंड वर करून, उजवीकडची चार तोंड खाली करून. पंधरा दिवस तो हॉटेलच्या जेवणघरात टांगलेला होता. कंत्राट संपल्यावर शेफ तो घेऊन गेला. जाताना ह्यांना मिठी मारून म्हणाला, "मास्टर, हा माझ्या गावात लागेल." ह्यांनी घरी येऊन सांगितलं. असं सगळेच म्हणतात, असं मी म्हटलं.

बरीच वर्षं गेली. मुलीनं शाळेत फ्रेंच घेतलं. तिला एका फ्रेंच गावाची माहिती लिहून आणायची होती. ह्यांना शेफच्या गावाचं नाव पाठ होतं, त्यांनी तेच सुचवलं. घरच्या कॉम्प्युटरवर पान हळूहळू खाली उलगडत गेलं आणि ह्यांचा निळा झेंडा दिसला. वाऱ्यात उडताना. 

मग मुलगी वाचून सांगू लागली. तिचं मराठी अडखळत चालतं. "पप्पा, इथं लिहिलंय की... हा फ्लॅग शेफनी बनवला. म्हणजे, त्यांच्या ग्रँडमदरनी त्यांना जुना फ्लॅग कसा होता ते सांगितलं होतं, आणि त्यांनी आठवून ड्रॉ केला. आणि हे पॉट्स, एट पॉट्स, म्हणजे आठ फॅमिलीज. प्लेगनंतर गावात आठच उरल्या. ज्या चार उलट्या आहेत ना, त्या फॅमिलीज नंतर संपल्या. सुलट्या चार अजून आहेत."

"आणि निळं?" ह्यांनी विचारलं.

"निळं म्हणजे मदर मेरीचा क्लोक. त्यांच्या चॅपलमधल्या."

हे इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "आठ घराणी! अगं, चार भरलेली नि चार रिकामी!" मला हसू येईना. मी म्हटलं, अहो, त्यांनी तुमचं नावसुद्धा घेतलेलं नाही. ते म्हणाले, "उडतोय ना? बस."

पण बस नव्हतं. मुलीला सांगून त्यांनी ते पान छापून घेतलं आणि शुक्रवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात चार ओळखीच्यांना दाखवलं. मी बायकांत उभी होते, पण ऐकू येत होतं. आमच्याच गावाकडचा एकजण, कुठल्याशा ऑफिसात कारकून, कागद हातात घेऊन म्हणाला, "मास्टर, हा झेंडा तुम्ही शिवला?"

"मीच."

"मग नाव कुठाय? इथं तर शेफचं आहे."

"नाव नाही लिहिलं त्यांनी."

"नाही लिहिलं. बरं. मग आयफेल टॉवरची काजं-बटणंही तुम्हीच केली असतील, तिथंही लिहिलं नसेल."

सगळे हसले. हेही हसले. मग कागदाची घडी घालून त्यांनी खिशात टाकली. त्या दिवसानंतर झेंड्याचा विषय ह्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. पुढं कुणी हॉटेलात काय करता असं विचारलं, तर "कपडे रफू करतो" एवढंच सांगायचे.

मागच्या वर्षी हॉटेलातच, इस्त्रीच्या टेबलाशी ते खाली बसले आणि उठले नाहीत. मातीनंतरच्या प्रार्थनेला आमच्या घरी माणसं आली होती. तोच कारकून माझ्यासमोर बसला, चहाचा कप घेऊन, आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "वहिनी, मास्टर म्हणजे हौशी माणूस. ती झेंड्याची गोष्ट काय रंगवून सांगायचे."

त्याला काही वाईट म्हणायचं नव्हतं, हेच जास्त लागलं. ज्या माणसानं आयुष्यभर एक टाकासुद्धा खोटा घातला नाही, तो लोकांच्या आठवणीत थापा मारणारा म्हणून राहणार होता. आणि तेही अशासाठी, की हजारो मैलांवरच्या एका गावाला आपल्या झेंड्याच्या पानावर एक ओळ जास्त लिहायची नव्हती. मी कप उचलून आत गेले. त्याच आठवड्यात पहिलं पत्र लिहायला घेतलं.

ते इंग्रजीत लिहिलं. सावकाश, आठ दिवस. रहाट म्हणजे काय, गाडगी उलटी-सुलटी का असतात, कापड कुठून आणलं, वाळूत चित्र कुणी काढलं, ते सगळं लिहिलं. ह्यांच्या सुयांच्या डब्यात गाडग्याचा कागदी साचा सापडला होता. आठही गाडगी त्याच एका साच्यावरून कापली होती. तो कागदावर ठेवून कडेनं रेघ मारली आणि तो कागद पत्राला जोडला. तुमच्या झेंड्यावर ठेवून पाहा, म्हटलं. पती आता हयात नाहीत, हे लिहिलं. त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, स्पेलिंग दोनदा तपासून. एवढंच मागितलं, की पानावर हे नाव घाला.

दोन महिन्यांनी पाकीट आलं. त्यांच्या सरपंचबाईंची सही होती. आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार. गावातल्या एका अभ्यासकांनी झेंड्याच्या अर्थावर अनेक वर्षं काम केलं आहे. आपल्या पतींनी शेफच्या चित्रावरून शिवणकाम करून दिलं असावं, त्याबद्दल गाव ऋणी आहे. सोबत आठवण म्हणून एक भेट.

भेट म्हणजे भांडी पुसायचं फडकं. त्यावर तोच झेंडा छापलेला.

साचा त्यांनी ठेवून पाहिला की नाही, याबद्दल एक शब्द नव्हता. मी ग्रंथालयात काम करते. एखाद्या पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव नसलं तर आम्ही शोधतो. नाहीच सापडलं तर कार्डावर "अज्ञात" लिहितो. दुसऱ्याचं नाव लावत नाही. आणि या गावाला अभ्यासक आहे. अनेक वर्षं अभ्यास करणाऱ्या त्या माणसाला पिठाच्या चक्कीच्या चाकाला मडकी कशाला असतील, हा प्रश्न पडला नाही. झिजलेल्या दगडातलं न समजून माझा नवरा चुकला, तर ते समजण्यासारखं आहे. त्यानं तो दगड पाहिलेला नव्हता. हा माणूस रोज त्या दगडाखालून जातो. ह्यांची चूक उचलली, तिला मेलेली चार घराणी चिकटवली आणि इतिहास म्हणून छापली. चूकसुद्धा स्वतःची नाही त्यांची.

मी दुसरं पत्र लिहिलं, ते छोटं आणि कडक होतं. त्याला उत्तर आलं नाही. फोन आला, शेफचा. आता तो निवृत्त होऊन त्याच गावात राहतो. कचेरीतून त्याला आमचा नंबर मिळाला होता. आवाज मी ओळखला नाही. "मॅडम, निझवा," असं म्हणाला तेव्हा ओळखला.

"मास्टर कसे आहेत?" त्यानं विचारलं.

म्हणजे माझी दोन्ही पत्रं त्यानं वाचली नव्हती. कदाचित कुणी त्याला दाखवलीही नव्हती. मी सांगितलं. 

"सॉरी, मॅडम. फार चांगले हात होते त्यांचे."

"मग तुम्ही आजीचं नाव का सांगितलं?"

"गावाला गोष्ट हवी होती. मीटिंगमध्ये सगळे विचारायला लागले, मडकी कसली, मडकी कसली. मी म्हटलं, आजी सांगायची. मग लगेच हात वर झाले. इंडियातली म्हटलं असतं तर कुणी हात वर केला नसता."

"आणि आठ घराणी?"

"ती मी नाही सांगितली. ती नंतर त्या अभ्यासकांनी शोधली." तो थोडा हसला. "उलट्या गाडग्यांतलं एक घराणं माझंच आहे म्हणे. मी जिवंत आहे तरी."

त्याच्या हसण्यात मला सामील होता आलं नाही. मी म्हटलं, "आता तरी खरं सांगा. कचेरीत जाऊन सांगा."

"सांगतो."

त्यानं सांगितलं असावं. तीन आठवड्यांनी मुलगी कॉम्प्युटरवरून ओरडली, "मम्मी, चेंज केलं त्यांनी!" मी चष्मा शोधून गेले. आठ घराणी होती तशीच होती. मेरीमातेचा निळा झगा होता. आजी होती. सगळ्यात खाली एक नवीन ओळ होती. मुलीनं वाचली, "पहिला झेंडा अरबस्तानातल्या एका भारतीय शिंप्यानं शिवला."

"बघ, घातलं ना पप्पांना," ती म्हणाली. "आता खलास ना, मम्मी?"

मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. एका भारतीय शिंप्यानं. मी त्यांना नाव लिहून पाठवलं होतं, दोनदा, प्रत्येक अक्षर सुटं करून. ते त्यांच्या टेबलावर होतं. नाव हाताशी असताना त्यांनी "एक" लिहिलं. शेफचं नाव त्याच पानावर चार वेळा आलं आहे, त्या अभ्यासकाचं दोन वेळा, आजीचंसुद्धा आलं आहे, जिनं झेंडा पाहिलाही नाही. ही ओळ छापून मी चर्चमध्ये नेली, तर तो कारकून काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतं. एक भारतीय शिंपी कोण, वहिनी? इथं शंभर आहेत.

मुलीला वाटतं मी हट्ट करते आहे. "पप्पा असते तर सोडून दिलं असतं," ती म्हणते. ते खरं आहे. सोडून देऊनच त्यांनी कागदाची घडी घातली होती. मी ती घडी घालताना पाहिली आहे, तिनं पाहिलेली नाही. ती मुलांबरोबर गेटपाशी होती.

तिसरं पत्र मी मराठीत लिहिलं आणि फ्रेंच तिच्याकडून करून घेतलं, म्हणजे इंग्रजीत नीट कळलं नाही असं म्हणायला जागा राहणार नाही. ते चार ओळींचं आहे. चाक तुमच्या दगडावरचं आहे, ते तुमचं. त्यावरची गाडगी माझ्या सासऱ्यांच्या विहिरीवरची आहेत. शिवणाऱ्याचं नाव मी तिसऱ्यांदा लिहिते आहे, ते पानावर घाला. घालायचं नसेल तर गाडगी काढा आणि चाकाला तुमच्या फळ्या लावा.

मुलीनं शेवटच्या ओळीच्या आधी "कृपया" घातलं होतं. फ्रेंचमध्ये तसं लिहावंच लागतं, म्हणाली. तो शब्द कुठला ते मी तिला बोट ठेवून दाखवायला सांगितलं आणि खोडायला लावला.